आधी माप, मग जीभ : घरच्या घरी फळांची सरबते आणि कॉकटेल

मार्चच्या आरंभी बाजारात येणारे कलिंगड आणि एप्रिलअखेरचे कलिंगड यांच्या गोडीत फरक असतो. एकाच पाटीतून उचललेल्या दोन कागदी लिंबांचा आंबटपणासुद्धा सारखा नसतो. त्यामुळे ‘दोन चमचे साखर घालावी’ असे सांगून थांबणारी कोणतीही कृती अर्धीच उपयोगाची असते. उरलेले अर्धे काम जिभेला करावे लागते, आणि ते काम शिकता येते. पण जिभेवर विसंबण्याआधी हाताशी एक पक्के माप लागते, नाहीतर आज जमलेले सरबत उद्या पुन्हा तसेच का जमत नाही हे कधीच कळत नाही.

या लेखात आधी पाक, लिंबू आणि बर्फ या तीन गोष्टी पक्क्या करू, मग एक पायाचे पेय शिकू, त्यानंतर पन्हे आणि कोकम, आणि शेवटी ज्यांना मद्य चालते त्यांच्यासाठी काही कॉकटेल पाहू. हा क्रम मी मुद्दाम ठेवला आहे. ज्याला लिंबाचे सरबत नेमके जमते त्याला कॉकटेल शिकायला एक संध्याकाळ पुरते. मात्र बिघडलेल्या सरबतात मद्य ओतल्याने ते सुधारत नाही.

भांडी

खास दुकानातून काही आणण्याची गरज नाही. ३० आणि ६० मि.ली.चे दुहेरी माप तेवढे विकत घ्यावे, कारण वाटी आणि चमचे प्रत्येक घरात वेगवेगळे असतात. ते नसेल तर औषधाच्या बाटलीबरोबर येणारे खुणांचे टोपण स्वच्छ धुऊन वापरता येते. मोजण्याचा छोटा चमचा ५ मि.ली.चा आणि मोठा १५ मि.ली.चा असतो, हे लक्षात ठेवावे. शेकरच्या, म्हणजे पेय बर्फाबरोबर हलवण्याच्या झाकणाच्या भांड्याच्या, जागी रुंद तोंडाची आणि घट्ट फिरकीच्या झाकणाची स्टीलची बाटली उत्तम काम देते. पुदिना किंवा फळाच्या फोडी चेचण्यासाठी लाटण्याचे टोक वापरावे. दगडी खलबत्त्यात लसूण-मिरचीचा वास मुरलेला असतो आणि तो पुदिन्यात हमखास उतरतो. याशिवाय एक बारीक जाळीची गाळणी आणि मलमलच्या कापडाचा तुकडा एवढे पुरे आहे.

पाक

थंड पाण्यात साखर नीट विरघळत नाही, ती तळाशी बसते आणि शेवटचा घोट तेवढा गोडमिट्ट लागतो. म्हणून साखर नेहमी पाकाच्या रूपात घालावी. एक वाटी साखर आणि एक वाटी पाणी मंद आंचेवर ठेवावे, साखर विरघळून पाणी नितळ दिसू लागले की लगेच उतरवावे. येथे तार धरायची नाही. लाडवांची सवय असलेल्या हातांना पाक उकळत ठेवण्याचा मोह होतो. पण एकतारी झालेल्या पाकात फ्रिजमध्ये साखरेचे खडे धरतात आणि त्याचे माप चुकते. या प्रमाणात सुमारे दीड वाटी पाक निघतो, तो कोरड्या काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवल्यास दोन आठवडे सहज टिकतो.

साधा पाक जमला की त्याला सुवास द्यावा. आले किसून पाकाबरोबर पाच मिनिटे मंद उकळले तरी चालते, कारण आल्याचा तिखटपणा उष्णतेने बाहेर येतो. गवती चहा आणि पुदिना मात्र गॅस बंद केल्यावरच घालावा आणि झाकण ठेवून पंधरा मिनिटांनी गाळून काढावा. उकळलेल्या पुदिन्याला शिजलेल्या पालेभाजीचा वास येतो.

लिंबू

आपले कागदी लिंबू आकाराने लहान, पातळ सालीचे आणि चांगलेच आंबट असते. मध्यम आकाराच्या एका लिंबातून साधारण १५ ते २० मि.ली. रस मिळतो. लिंबू फ्रिजमधून काढल्यावर थोडा वेळ बाहेर ठेवावे, ओट्यावर तळव्याखाली दाबून फिरवावे आणि मग आडवे कापावे. पिळताना रस संपत आला की थांबावे. सालीची उरलीसुरली धार काढण्यासाठी जोर लावला की सालीतला कडवटपणा रसात येतो, आणि तो साखरेने झाकला जात नाही. बिया लगेच गाळून टाकाव्यात.

रस आयत्या वेळीच काढावा, हे मी अनुभवाने सांगते. एकदा घरी पंधरा माणसांचे जेवण होते, म्हणून कामाचा भार हलका करावा या हेतूने मी आदल्या रात्रीच वीस लिंबे पिळून रस फ्रिजमध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचे सरबत केले तेव्हा आंबटपणा होता, पण लिंबाचा ताजा वास गेला होता आणि घोट गिळल्यानंतर जिभेच्या मुळाशी कडवटपणा राहत होता. मी त्यात पाक वाढवत गेले आणि सरबत फक्त अधिक गोड होत गेले. त्या दिवसापासून माझा नियम असा आहे की पाक दोन दिवस आधी, फळाचा रस दोन-तीन तास आधी आणि लिंबू पाहुणे आल्यावर.

परदेशात राहणाऱ्यांना बहुधा मोठे, बिनबियांचे हिरवे लिंबू मिळते. त्यात रस अधिक असतो, पण वास कागदी लिंबापेक्षा सौम्य असतो. तेथे एखादी सालीची पातळ चकती पेयात पिळून टाकल्यास उणीव भरून निघते.

बर्फ

बर्फ कमी घातला म्हणजे पेय कमी पातळ होईल, असे अनेकांना वाटते आणि घडते नेमके उलट. दोनच खडे घातले तर कोमट रस गार करता करता ते संपूर्ण विरघळतात आणि पेय पातळही होते, कोमटही राहते. ग्लास काठापर्यंत बर्फाने भरला तर पेय झटकन गार होते आणि त्यानंतर बर्फ सावकाश विरघळतो. शक्य असेल तर लहान वाट्यांमध्ये पाणी गोठवून मोठे खडे करावेत. बर्फाचे भांडे फ्रीजरमध्ये झाकून ठेवावे, कारण बर्फ मासळीचा आणि कांद्याचा वास पटकन धरतो. बाजारातला लादीचा बर्फ बाहेरून बाटल्या गार करण्यासाठी वापरावा, ग्लासात घालू नये.

पायाचे पेय

आता पहिले पेय करू. एका ग्लाससाठी ६० मि.ली. फळाचा रस, १५ मि.ली. लिंबाचा रस, १५ मि.ली. पाक, चिमूटभर मीठ आणि ९० मि.ली. थंड सोडा एवढे माप आहे. डाळिंबापासून आरंभ करावा, कारण डाळिंबात गोड, आंबट आणि किंचित तुरट अशा तिन्ही चवी असतात आणि जिभेला फरक ओळखणे सोपे जाते. दाणे मिक्सरमध्ये एक-दोन झटकेच फिरवावेत. बिया भरडल्या गेल्या की रस गढूळ आणि कडसर होतो. मलमलच्या कापडातून गाळून घ्यावा, कापड पिळावे पण पिळवटू नये.

स्टीलच्या बाटलीत रस, लिंबू, पाक आणि मीठ घालून ढवळावे आणि येथे चमच्याच्या टोकावर घेऊन पहिल्यांदा चाखावे. या वेळी मिश्रण जरा जास्तच गोड आणि जरा जास्तच आंबट, म्हणजे एकूण चढे लागायला हवे. गारव्यामुळे जिभेला गोडी कमी जाणवते आणि बर्फ व सोडा मिळून चव आणखी पातळ होणार असते. आत्ताच नेमके लागणारे मिश्रण ग्लासात गेल्यावर फिके पडते. आता बाटली बर्फाने अर्धी भरावी, झाकण घट्ट लावावे आणि दोन्ही हातांनी दहा-पंधरा सेकंद जोराने हलवावी. आत खडे आदळण्याचा आवाज आधी टणटणीत असतो, मग तो भरल्यासारखा होतो. स्टीलच्या अंगावर पांढरट दव धरते आणि बाटली हातात धरवत नाही इतकी गार होते. तेवढ्यावर थांबावे. ताज्या बर्फाने भरलेल्या ग्लासात गाळून घ्यावे, वरून सोडा ओतावा, एकदाच खालून वर ढवळावे आणि दुसऱ्यांदा चाखावे.

सोडा कधीही बाटलीत घालून हलवू नये. वायू दाबाने झाकण उडवतो, आणि नाही उडाले तरी सोड्यातला जीव निघून जातो.

चाखल्यावर काय करायचे हे थोडक्यात असे सांगता येईल. घोट घेताच डोळे बारीक होत असतील तर पाक ५ मि.ली. वाढवावा. गोडी जिभेवर चिकटून राहत असेल तर लिंबू ५ मि.ली. वाढवावे. गोड-आंबट दोन्ही बरोबर आहे पण पेय सपाट लागते, फळ पुढे येत नाही, असे वाटले तर साखर-लिंबाला हात न लावता मीठ घालावे. मीठ कडवटपणा दडपते आणि फळाची चव उचलते. नवशिके हीच पायरी गाळतात आणि साखरेने भरपाई करू पाहतात.

एकदा डाळिंब जमले की इतर फळांकडे वळावे, पण माप फळागणिक सरकते. कलिंगडात बहुतांश पाणीच असते आणि आंबटपणा जवळजवळ नसतो, म्हणून त्याचा रस ९० मि.ली. घ्यावा, पाक १० मि.ली.वर आणावा आणि लिंबू मात्र कमी करू नये. अननस स्वतःच आंबट असतो, त्याला लिंबू १० मि.ली. पुरते. नागपुरी संत्र्याचा रस मिक्सरमधून काढू नये. बियांचा आणि पांढऱ्या सालीचा कडवटपणा उतरतो, तेव्हा ते हातानेच पिळावे. पेरूचा रस गराने दाट होतो, त्यात तेवढेच पाणी घालून गाळावा आणि तिखटमिठाची कड ग्लासाच्या काठाला लावावी. जांभळाचा तुरटपणा कमी होण्यासाठी पाक २५ मि.ली.पर्यंत वाढवावा आणि काळे मीठ घालावे. काळ्या मिठाला स्वतःचा उग्र वास असतो. तो जांभूळ, पेरू, अननस यांना शोभतो, पण महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीत घातला तर स्ट्रॉबेरी हरवते. तेथे साधे मीठ किंवा सैंधवच घ्यावे.

दुधाचे किंवा आइस्क्रीमचे पेय करणार असाल तर कच्चा अननस त्यात घालू नये. अननसातले पाचक द्रव्य दुधातल्या प्रथिनांवर काम करते आणि थोड्याच वेळात पेय कडू होते. फोडी साखरेबरोबर पाच-सात मिनिटे शिजवून घेतल्या की हा त्रास राहत नाही. पिकलेल्या हापूसचा रस सोड्याच्या पेयात घालण्याच्या विरुद्ध माझे मत आहे. तो दाट असतो, तळाशी बसतो आणि त्याचा सुवास लिंबाखाली दबतो; हापूस वाटीत आमरस म्हणूनच खावा आणि पेयासाठी कैरीकडे जावे.

पन्हे

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला वाटल्या डाळीबरोबर पन्हे देण्याची आपली रीत आहे, आणि माझ्या मते फळांच्या पेयांमध्ये नवशिक्याने मन लावून शिकावे असे हेच पेय आहे, कारण त्यात आंबट, गोड, खारट आणि सुवास या चारही गोष्टी एकाच वेळी तोलाव्या लागतात.

कैरी कडक, हिरवीगार आणि आंबट घ्यावी. रायवळ कैरी आंबट आणि वासाची असते. तोतापुरी सौम्य असते आणि तिला गूळ कमी लागतो. कैऱ्या धुऊन, देठाकडचा चीक पुसून, अख्ख्याच कुकरच्या डब्यात ठेवाव्यात. डब्यात पाणी घालू नये, कारण कैरीला स्वतःचे पाणी सुटते आणि ते गरातच राहायला हवे. तीन शिट्ट्या पुरतात. वाफ पूर्ण गेल्यावर कैऱ्या निवू द्याव्यात, मग साल सोलून सालीच्या आतल्या बाजूचा गर चमच्याने खरवडून घ्यावा, कारण तेथेच वास आणि रंग असतो. कोय हाताने दाबून तिच्याभोवतीचा गर सोडवावा आणि सगळे पुरणाच्या चाळणीतून गाळावे. अर्धा किलो कैऱ्यांमधून साधारण दीड वाटी गर मिळतो, कैरीची कोय केवढी आहे त्यावर ते कमीजास्त होते.

एक वाटी गराला दीड वाटी चिरलेला गूळ हे आरंभाचे माप आहे; तोतापुरी असेल तर एक वाटीच घालावा आणि चाखून वाढवावा. गर कोमट असतानाच गूळ मिसळला की तो आपोआप विरघळतो, पुन्हा गॅसवर ठेवावे लागत नाही. गुळात कधी खडे किंवा उसाचे तंतू असतात, म्हणून विरघळल्यावर मिश्रण एकदा गाळावे. काहीजण फक्त साखर घालतात. तिने रंग फिकट राहतो आणि केशर उठून दिसते, पण पन्ह्याला भारदस्तपणा येत नाही. मी तीन भाग गूळ आणि एक भाग साखर घेते. गुळाचा खमंगपणा राहतो आणि कैरीचा वास त्याखाली गुदमरत नाही. शेवटी वाटीमागे पाव चमचा मीठ, ताजी कुटलेली वेलची आणि कोमट पाण्यात भिजवलेल्या केशराच्या चार-पाच काड्या घालाव्यात. वेलचीची तयार पूड घेऊ नये, वास डबा उघडल्यावरच संपलेला असतो.

हा झाला अर्क. काचेच्या बरणीत, कोरड्या चमच्याने हाताळला तर फ्रिजमध्ये आठवडाभर राहतो, आणि बर्फाच्या साच्यात गोठवला तर पावसाळ्यातसुद्धा पन्हे पिता येते. देताना ग्लासात तीन मोठे चमचे अर्क आणि १५० मि.ली. थंड पाणी घ्यावे. पाणी एकदम ओतू नये. आधी थोड्या पाण्यात अर्क कालवून एकजीव करावा, मग उरलेले घालावे, म्हणजे गुठळ्या राहत नाहीत.

भाजलेल्या कैरीचे पन्हे याहून वेगळे असते. कैरी गॅसच्या ज्योतीवर, आणि जमले तर निखाऱ्यावर, साल काळी पडून आतून मऊ लागेपर्यंत फिरवत भाजावी. या गराला धुराचा वास लागतो. त्यात वेलची-केशर घालू नये, भाजलेल्या जिऱ्याची पूड, काळे मीठ आणि चेचलेला पुदिना घालावा, गूळ निम्म्यावर आणावा. मद्य न घेणाऱ्या पाहुण्याला मोठ्यांच्या चवीचे, फारसे गोड नसलेले पेय द्यायचे असेल तर मला हे सर्वांत योग्य वाटते.

कोकम

बाजारात कोकम तीन रूपांत मिळते आणि ती एकमेकांच्या जागी जशीच्या तशी चालत नाहीत. आमसूल म्हणजे रातांब्याची, अर्थात कोकमाच्या फळाची, रसात पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात वाळवलेली साल, आगळ म्हणजे मीठ घालून टिकवलेला रस, आणि अमृत कोकम म्हणजे साखरेत मुरलेला पाक. आगळाच्या बाटलीला पाक समजून सरबत करणारे बरेच भेटतात. पहिल्या घोटातच मीठ कळते.

माझ्या आजोळी, सिंधुदुर्गात, मे महिन्यात अंगणात अमृत कोकमाच्या बरण्या उन्हाला ठेवलेल्या असत. पिकलेले, गर्द लाल रातांबे धुऊन पुसून अर्धे कापायचे, आतला गर आणि बिया काढायच्या, आणि वाटीसारख्या झालेल्या सालींत साखर भरून त्या काचेच्या बरणीत थरावर थर लावायच्या, वर पुन्हा साखर. बरणीच्या तोंडाला मलमलचे कापड सुतळीने बांधायचे आणि मुंग्यांसाठी ती पाणी घातलेल्या ताटात ठेवायची. पहिल्या दिवशी साखर ओलसर गुलाबी दिसते. तिसऱ्या दिवशी तळाशी लाल रस साचतो. आठवड्याभरात साली आकसून वर येतात आणि खाली इतका गडद पाक होतो की बरणीतून पलीकडचे दिसत नाही. रोज एकदा कोरड्या लाकडी चमच्याने वरखाली करायचे आणि सूर्यास्ताआधी बरणी आत घ्यायची. बियाही वाया जात नसत, त्यांच्यापासून मुठेल काढत, जे हिवाळ्यात फुटलेल्या टाचांना लावतात. ज्यांना ताजे रातांबे मिळतात त्यांनी हे एकदा तरी करून पाहावे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा विकतचे घेताना वेष्टनावरचे नाव वाचावे आणि घटकांत कृत्रिम रंग असेल तर ती बाटली परत ठेवावी.

अमृत कोकमाचे सरबत करताना ४५ मि.ली. पाकाला १५० मि.ली. पाणी, चिमूटभर मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घ्यावी. आगळ असेल तर एका ग्लासला एक मोठा चमचा आगळ आणि दोन मोठे चमचे साधा पाक घ्यावा, मीठ अजिबात घालू नये. फक्त आमसुलेच हाताशी असतील तर आठ-दहा आमसुले वाटीभर कोमट पाण्यात दोन तास भिजवून, हाताने चुरडून गाळावीत आणि ते पाणी पाकाने गोड करावे. कोकम, लिंबू, कैरी या सगळ्यांसाठी काच, स्टील किंवा चिनी मातीचेच भांडे घ्यावे. तांबे, पितळ आणि ॲल्युमिनियम यांच्याशी आंबट रसाची प्रक्रिया होते.

कॉकटेल

आधी कायद्याचे. महाराष्ट्रात मद्य विकत घेण्यासाठी, बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी परवाना लागतो. बिअर आणि वाइनसाठी वयाची २१ वर्षे आणि इतर मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात, वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. गोव्यात वयाची अट १८ वर्षांची आहे, पण गोव्यातून महाराष्ट्रात बाटल्या आणण्यावर निर्बंध आहेत. मद्य नेहमी परवानाधारक दुकानातून, मोहोरबंद बाटलीतच घ्यावे. घरी मद्य गाळणे हा गुन्हा आहे, आणि सुटी, बेहिशेबी दारू जीव घेते.

दुसरी गोष्ट मोजण्याची. भारतात मिळणाऱ्या बहुतेक रम, व्होडका आणि जिनमध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असते. म्हणजे ३० मि.ली.च्या एका छोट्या पेगात सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जाते. फळाचा रस आणि पाक यांमुळे मद्याचा जळजळीतपणा लपतो, म्हणून कॉकटेल पिणाऱ्याला आपण किती घेतले याचा अंदाज राहत नाही. करणाऱ्याने तो ठेवायचा असतो. बाटलीतून अंदाजाने ओतू नये, प्रत्येक ग्लास मापानेच करावा. गाडी चालवणाऱ्याला, गरोदर स्त्रीला आणि मद्याबरोबर न चालणारी औषधे घेणाऱ्याला एकदाही आग्रह करू नये.

कॉकटेलची रचना तुम्ही शिकलेल्या पायाच्या पेयासारखीच असते. ४५ मि.ली. मद्य, २० मि.ली. लिंबू, २० मि.ली. पाक हे माप पाठ करावे आणि त्यात फळ आणावे. रस असलेले पेय बाटलीत हलवावे. नुसती मद्ये एकमेकांत मिसळायची असतील तर ढवळणे पुरते. पहिला प्रयोग म्हणून रम आणि अननस घ्यावे: ४५ मि.ली. गडद रम, ७५ मि.ली. ताजा अननसाचा रस, १५ मि.ली. लिंबू आणि १० मि.ली. आल्याचा पाक, भरपूर बर्फावर जोराने हलवून गाळावे. अननसाच्या रसाला हलवल्यावर सुंदर फेस येतो आणि तो ग्लासात बोटभर जाडीचा थर होऊन राहतो. फेस आला नाही तर हलवणे कमी पडले असे समजावे.

गोव्यातली गोष्ट वेगळी आहे. तेथे काजूच्या मोसमात, साधारण मार्च ते मे, बोंडूंचा, म्हणजे काजूच्या फळांचा, रस आंबवून पहिल्यांदा गाळला की उर्राक मिळते आणि पुन्हा गाळले की फेणी. उर्राक सौम्य, फळाच्या वासाचे आणि न टिकणारे असते, म्हणून ते मोसमातच आणि तेथेच प्यावे. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. उर्राक पिण्याची रूढ पद्धत इतकी चोख आहे की तिच्यात मी काही बदल सुचवणार नाही: उंच ग्लासात बर्फ, ६० मि.ली. उर्राक, अर्ध्या लिंबाच्या चकत्या, चिमूटभर मीठ, उभी चिरलेली एक हिरवी मिरची आणि वरून लिम्का किंवा सोडा. मिरची पेयाला तिखट करण्यासाठी नसते, तिचा हिरवा वास बोंडूच्या वासाला मिळतो. म्हणून ती चेचू नये. फेणीचा वास मात्र उग्र असतो. नवख्याने ३० मि.ली.पासून आरंभ करावा आणि तिला अमृत कोकमाची जोड द्यावी: ३० मि.ली. फेणी, ३० मि.ली. अमृत कोकम, १० मि.ली. लिंबू हलवून गाळावे आणि ९० मि.ली. सोड्याने भरावे. कोकमाचा तुरट आंबटपणा फेणीपुढे दबत नाही, जे संत्र्याला किंवा कलिंगडाला जमत नाही.

वाइन आवडणाऱ्यांसाठी सांग्रिया सोपी आहे. नाशिकची साधी, फार महाग नसलेली लाल वाइनची ७५० मि.ली.ची बाटली, एका संत्र्याच्या सालीसकट चकत्या, एका सफरचंदाच्या फोडी, अर्धी वाटी डाळिंबाचे दाणे, ६० मि.ली. पाक आणि दालचिनीचा एक तुकडा काचेच्या भांड्यात घालून चार तास फ्रिजमध्ये ठेवावे. दालचिनी दोन तासांनी काढावी, नाहीतर तिचाच वास उरतो. देताना बर्फ आणि थोडा सोडा घालावा. एवढ्यात सहा ग्लास होतात.

दहा माणसांसाठी

एकेक ग्लास हलवत बसलात तर पाहुण्यांशी बोलणे होत नाही, म्हणून मिश्रण आधी मोठ्या भांड्यात करावे. ‘पंच’ या पेयाचे नाव आपल्याच ‘पाच’वरून, म्हणजे मद्य, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला या पाच जिनसांवरून आले असे सांगितले जाते, आणि ते भांड्यात करून वाटण्याचेच पेय होते. हिशेब असा करावा: माणशी दोन ग्लास धरले तर वीस ग्लास होतात, म्हणजे पायाच्या मापाने १.२ लिटर फळाचा रस, ३०० मि.ली. लिंबाचा रस, ३०० मि.ली. पाक आणि १.८ लिटर सोडा. ३०० मि.ली. रसासाठी वीस लिंबे आणावीत. कलिंगड असेल तर रस दीडपट लागतो आणि तीन-साडेतीन किलोंचे एक फळ आणावे लागते. बर्फ तीन-चार किलो लागतो, तो दोन दिवस आधीपासून साठवावा.

भांड्यातले मिश्रण बर्फावर हलवलेले नसते, म्हणून त्यात विरघळलेल्या बर्फाइतके पाणी वेगळे घालावे लागते. मिश्रणाच्या पाव भाग थंड पाणी हे प्रमाण धरावे. भांड्यात बर्फ टाकू नये, बर्फ ग्लासात असावा, आणि सोडा प्रत्येक ग्लासात शेवटी ओतावा. मद्य मुख्य भांड्यात मिसळू नये. एकच बिनमद्याचे भांडे ठेवावे आणि ज्याला हवे त्याच्या ग्लासात मापाने मद्य घालावे. घरात मुले असतील तर हा नियम मोडू नये. कापलेली फळे आणि रस उन्हाळ्यात दोन तासांहून अधिक वेळ बाहेर ठेवू नयेत.

संत्री आणि लिंबे पिळण्याआधी त्यांची रंगीत साल सोलाण्याने पातळ काढून घ्यावी, पांढरा भाग येऊ देऊ नये. या साली वाटीभर साखरेत चुरडून, झाकून रात्रभर ओट्यावर ठेवाव्यात. सकाळपर्यंत सालींतल्या तेलाने साखर ओली होऊन पिवळसर दिसते. तिच्यात वाटीभर गरम पाणी घालून ढवळावे, साली गाळून काढाव्यात, आणि पुढच्या वेळचा पाक तयार असतो.